गिग काम करणाऱ्यांचा आयकर: नोंदी कशा ठेवायच्या, खर्च कसा वजा करायचा आणि रिटर्न कोणत्या क्रमाने भरायचे

डिलिव्हरी करणारे, ॲपवर कॅब चालवणारे, घरोघरी जाऊन एसी दुरुस्ती किंवा ब्युटी पार्लरची सेवा देणारे, घरून डिझाइन किंवा प्रोग्रामिंग करणारे फ्रीलान्सर या सगळ्यांचे रिटर्न बहुतेक वेळा एकाच कारणाने चुकते. काम उलट्या क्रमाने होते. आधी पोर्टलवर फॉर्म उघडला जातो, मग बँकेचे स्टेटमेंट काढले जाते आणि खर्चाचा आकडा शेवटी अंदाजाने टाकला जातो. खरा क्रम असा: आधी नोंद, मग जुळवणी, मग पद्धतीची निवड आणि सगळ्यात शेवटी फॉर्म.

दुसरा गैरसमज याहून महाग पडतो. "नव्या करप्रणालीत वजावट मिळत नाही, मग पावत्या कशाला ठेवायच्या?" असे रायडर मंडळींकडून सर्रास ऐकू येते. नव्या प्रणालीत ८०सी (विमा, पीएफसारखी बचत), ८०डी (आरोग्य विमा), घरभाड्याची सवलत अशा वैयक्तिक वजावटी जातात. धंद्यासाठी झालेला खर्च जात नाही. पेट्रोल, सर्व्हिसिंग, मोबाइल डेटा, गाडीचा घसारा (वापरामुळे दरवर्षी घटणारी किंमत) हे सगळे मिळकतीतून आधी वजा होते आणि उरलेल्या नफ्यावर कर मोजला जातो. पण हा खर्च नोंदीशिवाय सिद्ध करता येत नाही.

खालचे सगळे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ साठी आहेत. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी या वर्षाचे रिटर्न १९६१च्या कायद्यानुसारच भरायचे आहे. म्हणून कलमांचे आकडेही जुन्याच कायद्यातले दिले आहेत.

## टप्पा १: तुमचे उत्पन्न पगार आहे की धंदा, हे आधी पाहा

आयकर पोर्टलवर लॉगिन करून फॉर्म २६एएस (तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचे विवरण) उघडा आणि तुमचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरलेला कर, कोणत्या कलमाखाली कापला आहे ते बघा.

कलम १९२ दिसले तर तो पगार. १९४सी म्हणजे कंत्राटी काम. डिलिव्हरीच्या कामात बहुधा हेच दिसते आणि व्यक्तीसाठी दर १ टक्का असतो. १९४जे म्हणजे व्यावसायिक सेवा, दर साधारण १० टक्के. फ्रीलान्सरांना हे ओळखीचे आहे. १९४ओ म्हणजे ई-कॉमर्स मंचामार्फत झालेली विक्री किंवा सेवा; याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे. १९४एच म्हणजे कमिशन.

पगार सोडून यातले काहीही असेल तर तुमचे उत्पन्न धंदा-व्यवसायाचे आहे. मग आयटीआर-१, म्हणजे पगारदारांचा रिटर्नचा साधा फॉर्म, तुमच्यासाठी नाही. नोकरी सांभाळून शनिवार-रविवार डिलिव्हरी करणाऱ्यांनाही हे लागू आहे. पगाराचा फॉर्म १६ हातात असतो, म्हणून ते आयटीआर-१ भरून मोकळे होतात आणि डिलिव्हरीची रक्कम राहून जाते किंवा "इतर उत्पन्न" या रकान्यात जाते. तिथे टाकली की पेट्रोलचा एक रुपयाही वजा होत नाही.

सावधान: ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट फक्त पगारावर आणि पेन्शनवर मिळते. गिग कामाच्या मिळकतीतून ती वजा करू नका.

## टप्पा २: वर्षाच्या सुरुवातीची तयारी

हे काम एकदाच करायचे असते. त्याला एक दुपार पुरते.

१. कामाचे पैसे येण्यासाठी एक वेगळे बचत खाते ठेवा. चालू खातेच हवे असे नाही. सगळ्या ॲपचे पेआउट याच खात्यात घ्या आणि पेट्रोल, सर्व्हिसिंग, रिचार्ज यांचे पैसेही याच खात्याच्या यूपीआयने द्या. घरखर्चासाठी लागतील तसे पैसे दुसऱ्या खात्यात वळवा.

२. पॅन आणि आधार जोडलेले आहेत का ते तपासा. पॅन निष्क्रिय असेल तर टीडीएस वाढीव दराने कापला जातो.

३. १ एप्रिलला गाडीच्या मीटरचा फोटो काढा. ३१ मार्चला पुन्हा काढा. गाडीच्या खर्चाचा सगळा हिशेब या दोन फोटोंवर बसतो.

४. मोबाइलमध्ये किंवा ड्राइव्हवर वर्षाच्या नावाचे एक फोल्डर करा आणि त्यात बारा महिन्यांची बारा उपफोल्डरे ठेवा. खर्चाच्या प्रकारानुसार फोल्डर करायला जाऊ नका. त्यात पावती कुठे टाकायची याचा विचार करावा लागतो आणि मग ती टाकलीच जात नाही.

५. गाडीचे कर्ज असेल तर बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून व्याज आणि मुद्दल वेगळे दाखवणारे वार्षिक विवरण मिळते. ते कुठून मागायचे हे आत्ताच विचारून ठेवा.

## टप्पा ३: रोजची आणि आठवड्याची नोंद

रोज फक्त तीन गोष्टी लिहा: कामावर निघतानाचे मीटर, काम संपवतानाचे मीटर, आणि रोख मिळालेले किंवा रोख दिलेले पैसे. यूपीआयचे व्यवहार स्टेटमेंटमध्ये येतातच, ते पुन्हा लिहू नका. साधी वही चालते, मोबाइलची शीटही चालते.

पंपावरची पावती थर्मल कागदाची असते. डिकीत किंवा खिशात दोन महिने राहिली की ती कोरी पडते, म्हणून तिथल्या तिथे फोटो काढा. फोटोत तारीख, लिटर आणि रक्कम वाचता आली पाहिजे. पंपावर गाडीचा नंबर छापून देत असतील तर तो आवर्जून टाकून घ्या.

आठवड्याचे पेआउट जमा झाले की ॲपमधले त्या आठवड्याचे विवरण उतरवून घ्या किंवा त्याचा स्क्रीनशॉट काढा. मूळ कमाई, इन्सेंटिव्ह, टिप आणि कापलेली रक्कम यांची फोड त्यातच असते. बँकेत फक्त हाती पडलेला आकडा दिसतो. हे काम वर्षअखेरीवर ढकलू नका. आयडी बंद झाला की ॲपमधला जुना हिशेब पाहता येत नाही आणि मग वर्षभराची फोड कंपनीकडे मागत बसावे लागते.

तपासा: कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे तुमची मिळकत नाही. ग्राहकाने रोख दिले, तुम्ही ते कंपनीकडे भरले, एवढेच. पण ते तुमच्या खात्यातून गेले असतील तर स्टेटमेंटमध्ये मोठी जमा आणि तेवढाच खर्च दिसतो. ॲपमधला रोख भरल्याचा इतिहास जपून ठेवा. चौकशी झाली तर ही रक्कम मिळकत नव्हती हे त्यावरूनच दाखवता येते.

## टप्पा ४: एकूण जमा किती, हे ठरवा

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडे सावकाश वाचा.

कॅबच्या बाबतीत समजा प्रवाशाने ५०० रुपये भाडे दिले, ॲपने १२५ रुपये कमिशन कापले आणि तुमच्या खात्यात ३७५ आले. तुमची जमा ५०० आहे आणि कमिशनचे १२५ हा तुमचा खर्च आहे. लोक ३७५ जमा दाखवतात. मंचाने ५०० वर टीडीएस कापलेला किंवा कळवलेला असेल तर विभागाकडे ५०० चा आकडा असतो आणि तुमच्या रिटर्नमध्ये ३७५. दोन्हींत फरक दिसला की विचारणा होते. टोलचेही तसेच. भाड्यात टोल धरून पैसे आले असतील तर तो जमेतही धरायचा आणि फास्टॅगच्या स्टेटमेंटवरून खर्चातही.

डिलिव्हरीत बहुधा असे नसते, कारण तिथे कंपनी तुम्हाला कामाचा मोबदला देते. पण बॅगेची किंमत, विम्याचा हप्ता, दंड अशा कपाती पेआउटमधून होत असतील तर कपातीआधीचा आकडा घ्या आणि कपाती वेगळ्या लिहा.

परदेशी ग्राहकांचे काम करणाऱ्या फ्रीलान्सरने बिलाची पूर्ण रक्कम रुपयांत जमा दाखवावी. पैसे पाठवणाऱ्या सेवेचे शुल्क हा वेगळा खर्च आहे. रक्कम परदेशातून आल्याचा दाखला प्रत्येक व्यवहाराचा घेऊन ठेवा.

टिप, इन्सेंटिव्ह, रेफरलचे पैसे आणि जॉइनिंग बोनस या सगळ्याची बेरीज जमेतच होते.

सावधान: टीडीएस कापला नाही म्हणजे उत्पन्न मोजायचे नाही, असे नसते. १९४सी मध्ये एका वेळचे बिल ३०,००० रुपयांवर किंवा वर्षाची एकूण रक्कम १ लाखावर गेली तरच टीडीएस कापला जातो. दुसऱ्या ॲपवर वर्षात ९०,००० कमावले असतील तर २६एएस मध्ये ते दिसणार नाहीत. करपात्र मात्र आहेत.

## टप्पा ५: खर्चाची तीन ढिगांत विभागणी

पहिला ढीग पूर्ण कामाच्या खर्चाचा: ॲपचे कमिशन, डिलिव्हरी बॅग, मोबाइल होल्डर, कामाचे सॉफ्टवेअर, जाहिरात, सीएची फी. व्यवसाय कराची नोंदणी असेल तर महाराष्ट्रात वर्षाला भरलेले २,५०० रुपयेही यातच.

दुसरा ढीग वाटून घ्यायच्या खर्चाचा. गाडी कामालाही वापरता आणि घरच्यांना घेऊन गावालाही जाता, तर गाडीचा पूर्ण खर्च धंद्यात टाकता येत नाही. मीटरची नोंद इथे कामाला येते. वर्षात गाडी ३०,००० किलोमीटर चालली आणि त्यातले २४,००० कामाचे असतील, तर पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, विमा, कर्जाचे व्याज आणि घसारा या सगळ्यांचा ८० टक्के भाग धंद्याचा. मोबाइल, इंटरनेट आणि घरून काम करत असाल तर भाडे-वीज यांचेही असेच प्रमाण ठरवा. ते कसे ठरवले हे दोन ओळींत लिहून ठेवा. खोलीचे क्षेत्रफळ, कामाचे तास, कोणताही पटण्याजोगा आधार चालतो, पण तो दरवर्षी तोच ठेवा.

तिसरा ढीग बाहेर ठेवायचा. वाहतूक पोलिसांचे चलन, कर्जाच्या हप्त्यातले मुद्दल, स्वतःचे जेवण आणि रोजचे कपडे, एलआयसीचा हप्ता, आयकर, घरखर्चाला काढलेले पैसे. चलनाबद्दल नेहमी वाद होतो, "काम करतानाच लागलं ना?" कायदा मोडल्याबद्दलचा दंड धंद्याचा खर्च धरला जात नाही, मग तो काम करताना लागला असला तरी.

घसारा बहुतेक जण विसरतात. गाडी, लॅपटॉप, मोबाइल यांची किंमत एकाच वर्षी खर्चात टाकता येत नाही. ठरलेल्या दराने दरवर्षी थोडी वजा होते. स्कूटर-मोटरसायकलला १५ टक्के, भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीला ३० टक्के, लॅपटॉपला ४० टक्के. पुढच्या वर्षी हाच दर उरलेल्या किमतीवर लागतो. ज्या वर्षी घेतली त्या वर्षी वस्तू १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्मा दर लागतो. ६०,००० चा लॅपटॉप जूनमध्ये घेतला तर पहिल्या वर्षी २४,००० वजा होतात, डिसेंबरमध्ये घेतला तर १२,०००. खरेदीचे बिल तुमच्याच नावाचे हवे.

सावधान: एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च साधारणपणे नाकारला जातो. गॅरेजचे मोठे काम, इंजिन, किंवा भाड्याने घेतलेल्या कॅबचे साठलेले भाडे यूपीआयने द्या.

### एक हिशेब पूर्ण करून पाहू

समजा पुण्यात दुचाकीवर डिलिव्हरी करणाऱ्या एकाची वर्षाची जमा ४,८०,००० आहे: एका ॲपवर ३,९०,०००, दुसऱ्यावर ९०,०००. पहिल्याने १ टक्क्याने ३,९०० रुपये टीडीएस कापला, दुसऱ्याने कापला नाही.

गाडीचा वर्षाचा खर्च: पेट्रोल ७०,०००, सर्व्हिसिंग-ऑइल-टायर १४,०००, विमा २,०००, कर्जाचे व्याज ६,०००, आणि ९५,००० च्या स्कूटरचा १५ टक्के घसारा १४,२५०. एकूण १,०६,२५०. त्यातले ८० टक्के कामाचे, म्हणजे ८५,०००. मोबाइल रिचार्ज ४,२०० पैकी तीन चतुर्थांश, ३,१५०. बॅग, रेनकोट, होल्डर मिळून २,८५०.

एकूण खर्च ९१,०००. नफा ३,८९,०००. नव्या प्रणालीत ४ लाखांपर्यंत कर शून्य. कापलेले ३,९०० रुपये रिटर्न भरल्यावर परत मिळतील, आणि रिटर्न भरले नाही तर मिळणार नाहीत.

## टप्पा ६: अनुमानित पद्धत घ्यायची की खरा जमाखर्च

खर्चाचा हिशेब न मांडता कायद्याने ठरवलेल्या आकड्यावर नफा धरायचा, ही अनुमानित पद्धत. आता आकडा हातात आहे, तेव्हा पद्धत निवडा. याआधी नको.

कलम ४४एडी छोट्या धंद्यांसाठी आहे. बँक, यूपीआयने आलेल्या जमेच्या किमान ६ टक्के आणि रोख जमेच्या किमान ८ टक्के नफा दाखवायचा. मग वेगळा खर्च किंवा घसारा वजा करता येत नाही. उलाढालीची मर्यादा २ कोटी आहे, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. कमिशन, दलाली आणि एजन्सीच्या उत्पन्नाला हे कलम चालत नाही. म्हणून टीडीएस १९४एच खाली दिसत असेल तर आधी सल्ला घ्या.

कलम ४४एडीए ठरावीक व्यवसायांसाठी: डॉक्टर, वकील, अभियंते, वास्तुविशारद, लेखापाल, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर, माहिती तंत्रज्ञान आणि अधिसूचित केलेले आणखी काही. यात किमान ५० टक्के नफा. मर्यादा ५० लाख, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. फ्रीलान्स प्रोग्रामर यात येतो. लेखन, भाषांतर किंवा ग्राफिक डिझाइन करणाऱ्याने मात्र आपण या यादीत बसतो का, हे सीएकडून एकदा पक्के करून घ्यावे आणि दरवर्षी तेच धरून चालावे.

कलम ४४एई फक्त मालवाहू गाड्यांसाठी आहे. १२ टनांपर्यंतच्या टेम्पोला महिन्याला ७,५०० रुपये नफा धरतात, आणि गाड्या दहापेक्षा जास्त नसाव्या लागतात. प्रवासी कॅबवाले हे कलम निवडतात, ते चूक आहे.

६ आणि ५० टक्के हे कमीत कमी आकडे आहेत, हे नीट लक्षात घ्या. वरच्या उदाहरणात ४४एडीचा किमान नफा फक्त २८,८०० येतो आणि खरा नफा ३,८९,०००. एजंट २८,८०० भरून देतो, कारण दोन मिनिटांत काम होते. माझे म्हणणे स्पष्ट आहे: खरा नफा दाखवा. कायदाही जास्त कमाई झाली असेल तर जास्तच दाखवायला सांगतो. आणि नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर ८७ए ची ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे खरे दाखवल्याने खिशातून काही जात नाही. २८,८०० दाखवल्याने मात्र बरेच जाते. घराचे किंवा नव्या गाडीचे कर्ज मागायला गेलात की बँक मागच्या दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते आणि वर्षाला २८,८०० कमावणाऱ्याला कर्ज देत नाही. रस्त्यावर काम करणाऱ्याने तर आणखी एक विचार करावा. अपघात झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई ठरवताना उत्पन्नाचा पुरावा म्हणून हेच रिटर्न पाहिले जाते. दिवसभर दुचाकीवर असलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी तो आकडा फार महत्त्वाचा आहे.

४४एडी मध्ये राहूनही ६ टक्क्यांपेक्षा जास्त नफा दाखवता येतो. बहुतेक रायडरना हाच सोपा मार्ग: खर्च वजा करून आलेला खरा नफाच ४४एडी खाली लिहायचा.

सावधान: एकदा ४४एडी घेऊन पुढच्या पाच वर्षांत किमान टक्क्यापेक्षा कमी नफा दाखवला, तर नंतरची पाच वर्षे ही सोय मिळत नाही. उत्पन्न करमुक्त मर्यादेवर असेल तर हिशेबवह्या आणि ऑडिटही लागते. एखाद्या वर्षी तोटा झाला म्हणून परस्पर पद्धत बदलू नका.

## टप्पा ७: नवी प्रणाली की जुनी

नव्या प्रणालीचे टप्पे: ४ लाखांपर्यंत शून्य, ४ ते ८ लाख ५ टक्के, ८ ते १२ लाख १० टक्के, १२ ते १६ लाख १५ टक्के, पुढे २०, २५ आणि २४ लाखांवर ३० टक्के. १२ लाखांपर्यंतची सूट शेअर विक्रीवरील नफ्यासारख्या खास दराच्या उत्पन्नाला लागू होत नाही.

निव्वळ नफा १२ लाखांच्या आत असणाऱ्या गिग कामगाराला जुन्या प्रणालीत जाण्याचे कारण जवळपास उरत नाही. जुनी घ्यायचीच असेल तर मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला नव्या प्रणालीत परतण्याची संधी एकदाच मिळते; नोकरदारासारखी दरवर्षी अदलाबदल करता येत नाही.

"तुमचा सगळा टीडीएस काढून देतो, वर रिफंडही वाढवतो" म्हणणारा एजंट बहुधा खोटी देणगी, खोटा विमा किंवा खोटे गृहकर्ज दाखवतो. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांवर देशभर कारवाई केली. एजंट दुसरीकडे दुकान थाटतो, नोटीस मात्र तुमच्या पॅनवर येते. चुकीची माहिती देऊन उत्पन्न लपवले तर दंड कराच्या २०० टक्के असतो.

## टप्पा ८: अग्रिम कर

अग्रिम कर म्हणजे वर्ष संपण्याआधीच भरायचा कर. टीडीएस वजा करून वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त उरत असेल तरच हा टप्पा. ४४एडी किंवा ४४एडीए घेणाऱ्यांनी पूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत भरायची. खरा जमाखर्च ठेवणाऱ्यांनी आणि ४४एई घेणाऱ्यांनी १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत १००. चुकले तर महिन्याला १ टक्का दराने व्याज लागते.

याच वेळी वर्षाची एकूण जमा २० लाखांवर जाते आहे का ते पाहा. सेवा देणाऱ्याला त्यापुढे जीएसटी नोंदणी लागते. परदेशी ग्राहकांचे बिलही या बेरजेत धरतात.

## टप्पा ९: २६एएस आणि एआयएसशी जुळवणी

जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचे विवरण कंपन्या ३१ मेपर्यंत भरतात. एप्रिलमध्ये घाईने रिटर्न भरले तर शेवटच्या तिमाहीचा टीडीएस दिसत नाही आणि रिफंड कमी मागितला जातो. जूनच्या मध्यानंतर बसा.

टप्पा ४ मधली तुमची एकूण जमा, २६एएस मधली रक्कम आणि एआयएस (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचे पोर्टलवरचे विवरण) मधली रक्कम शेजारी शेजारी मांडा. फरक बहुतेक वेळा तीनच कारणांनी असतो: कमिशन कापण्याआधीचा आणि नंतरचा आकडा, मार्चच्या शेवटच्या आठवड्याचे एप्रिलमध्ये आलेले पेआउट, किंवा दुसऱ्याच कुणाच्या व्यवहारावर चुकून टाकलेला तुमचा पॅन. पहिल्या दोन्हींसाठी एका कागदावर फरकाचा हिशेब लिहून फोल्डरमध्ये ठेवा. तिसऱ्यासाठी एआयएस मध्ये त्या नोंदीवर प्रतिसाद द्या.

तपासा: तुमची जमा २६एएस पेक्षा कमी दिसत असेल, तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका. जास्त असेल तर हरकत नाही. टीडीएस न कापलेली मिळकतही त्यात असते.

## टप्पा १०: फॉर्म

४४एडी, ४४एडीए किंवा ४४एई घेतले असेल आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-४. खरा जमाखर्च असेल तर आयटीआर-३. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये तोटा झाला असेल किंवा शेअरवर अल्पकालीन नफा असेल, तरी आयटीआर-३ च. मोकळ्या वेळात मोबाइलवर ट्रेडिंग करणाऱ्या कितीतरी तरुणांचे रिटर्न इथे सदोष ठरते.

आयटीआर-४ मध्ये बँकेतून आलेली जमा आणि रोख जमा वेगवेगळ्या रकान्यांत भरा. ३१ मार्चला हातात असलेली रोख, येणे आणि देणे यांचेही रकाने आहेत. तिथे वहीतला आकडा टाका. रिफंडचे खाते आधी पडताळून घ्या.

अंतिम तारीख पोर्टलवर पाहूनच धरा, कारण ती बदलते. आर्थिक वर्ष २०२४-२५ साठी ३१ जुलैची तारीख आधी १५ आणि मग १६ सप्टेंबर २०२५ झाली होती. उशीर झाला तर ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला १,००० आणि त्यावर ५,००० रुपयांपर्यंत शुल्क लागते.

रिटर्न सादर केल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ई-पडताळणी करा. ती केली नाही तर रिटर्न भरलेच नाही असे धरले जाते.

## टप्पा ११: नंतरचे काम

रिटर्नची प्रत, पोचपावती, जुळवणीचा कागद आणि बारा महिन्यांचे फोल्डर एकत्र करून दोन ठिकाणी ठेवा. करनिर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षे जपा. २०२५-२६ चे फोल्डर ३१ मार्च २०३३ पर्यंत पुसू नका. मोबाइल बदलताना हेच पहिले हलवा.

काही आठवड्यांनी कलम १४३(१) ची, म्हणजे विभागाने रिटर्न तपासल्याची, सूचना ईमेलवर येते. त्यात दोन रकाने असतात: तुम्ही भरलेला आकडा आणि विभागाने धरलेला. ओळीने ताडून पाहा. रिटर्न सदोष असल्याची १३९(९) खालची नोटीस आली तर दुरुस्तीला साधारण १५ दिवस मिळतात. उत्तर पोर्टलवर लॉगिन करूनच द्या. रिफंड थांबल्याचे सांगून लिंक पाठवणाऱ्या एसएमएसवर खाते क्रमांक किंवा ओटीपी देऊ नका. खरी नोटीस पोर्टलच्या "प्रलंबित कार्यवाही" या भागात दिसतेच.